बारोलोचा अहवाल

दशरथ जगधने यांच्या घरात दूध आधी परीक्षानळीत जातं आणि मग पातेल्यात. ही थट्टा नव्हे. येरवड्यातल्या त्यांच्या सोसायटीत दूध घालणारा माणूस शपथेवर सांगेल. हळद आणली की चिमूटभर पाण्यात टाकून बघायची, तिखट आणलं की ग्लासाच्या तळाशी विटेची भुकटी बसते का ते पाहायचं, मध आणला की त्यात वात बुडवून पेटवायची. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासले. निवृत्त झाले, शाल मिळाली, नारळ मिळाला, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नाही. तो अजून पूर्ण वेळ कामावर आहे, रविवारीसुद्धा.

त्यांच्या पत्नी शालनताई महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. त्या सांगतात, "हे मला बघायला आले होते, तेव्हा चहाचा कप कलता करून तळ बघत होते. मला वाटलं, लाजतायत. नंतर कळलं, साखरेत खडूची पूड शोधत होते."

असा माणूस खरं तर चार लोकांना नकोसा व्हायचा, पण जगधन्यांना मान होता. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातचा एक अहवाल अडला नाही की फिरला नाही. एका मोठ्या डेअरीवाल्याने दिवाळीत घरी मिठाईचा डबा पाठवला, तर ह्यांनी त्यातल्याच बर्फीचा नमुना काढून दुसऱ्या दिवशी ऑफिसात जमा केला. लोक हसले, पण पुन्हा कोणी डबा पाठवला नाही. कामातली एक गोष्ट त्यांना मनापासून आवडायची. टेबलावर येणाऱ्या बाटलीवर दुकानाचं नाव नसे, मालकाचं नसे, फक्त क्रमांक असे. शाळेपासून ते जिथे जिथे गेले तिथे लोकांनी आधी आडनाव विचारलं होतं, आणि ते ऐकल्यावर 'अच्छा, अच्छा' म्हणून मान हलवली होती. त्या टेबलावर कोणी कोणाचं आडनाव विचारत नव्हतं. तिथे ते सुखात होते.

आणि आता त्यांच्याच घरात एक आडनाव आलं. मेहेंदळे.

शर्मिला त्यांची एकुलती एक मुलगी. खराडीच्या एका कंपनीत चांगल्या पदावर, वय तीस. चाकणला मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर असलेल्या सलिल मेहेंदळेशी तिचं चार वर्षांपासून जमलं होतं. तिने घरी सांगितलं तेव्हा शालनताईंनी एवढंच विचारलं, की पोरगा भांडी घासतो का. जगधन्यांनी काहीच विचारलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. मुलगा बरा वाटत होता. दोनदा घरी आला, स्वतः उठून पाणी घेतलं, वाकून बोलला नाही आणि ताठूनही बोलला नाही. पण मुलाच्या मागे घर असतं. कोथरूडचं घर, जुन्या शहरातून तिकडे गेलेलं, देवघर, पंचांग, नातेवाइकांचा गोतावळा. त्या घरात आपली पोर कशी वागवली जाईल, हा प्रश्न जगधन्यांना पोखरत होता.

शर्मिला बापाला ओळखून होती. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबेन. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागेल. 'मला वाटतं' हे कारण चालणार नाही."

जगधन्यांकडे कारण नव्हतं, तेव्हा ते कारणाच्या शोधात राहिले.

जानेवारीतल्या एका रविवारी मेहेंदळे पतिपत्नी पहिल्यांदा येरवड्याला आले. श्यामराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारे. हेमाताई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचं बोलणंही बेरजेसारखं, जरुरीपुरतं. जगधन्यांनी दोघांकडे नमुन्याकडे बघावं तसं पाहिलं. पाणी प्यायले. चहा प्यायले, दोघांनीही तळापर्यंत. पोहे खाल्ले, हेमाताईंनी तर मागून घेतले. या गोष्टी आमच्या तुमच्या घरी कोणी मोजणार नाही, पण जगधन्यांच्या आईला एके काळी शहरातल्या एका घरात ओंजळीत वरून पाणी घातलं गेलं होतं, तेव्हा त्यांना मोजाव्या लागत. त्यांनी मनात नोंद केली, की सगळं व्यवस्थित संपवलं. खाली लगेच दुसरी नोंद केली, की जरा जास्तच व्यवस्थित संपवलं.

निघताना श्यामरावांनी कापडी पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक लांबोडकी बाटली काढली आणि आवाज उतरवून म्हणाले, "ही आमच्याकडून. रेड वाइन. सलिलला कंपनीने इटलीला पाठवलं होतं, तिथून आणलेली. बारोलो म्हणतात. शंभरात शहाण्णव गुण आहेत हिला." मग जरा थांबून, "तुमच्याकडे चालेल ना?"

जगधन्यांनी बाटली हातात घेतली. दुसरं काय करणार, पाहुणे दारात होते.

लिफ्टचं दार लागलं आणि त्यांनी बाटली टेबलावर अशी ठेवली, जणू तिला हात लावल्याचाही त्यांना त्रास झाला असावा. "तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे?" ते म्हणाले. "ऐकलंस, शालन? तुमच्याकडे चालेल ना! एखाद्या जोश्या-लिमयांकडे गेले असते तर नेली असती बाटली? पेढे नेले असते. शाल-श्रीफळ नेलं असतं. आमच्याकडे येताना बाटली!"

"अहो, महागाची असेल. मानाने दिली असेल."

"तेही आलंच. शहाण्णव गुणांची बाटली कोणी आमच्यावर कशाला वाया घालवेल? ही काहीतरी भलतीच असणार, वर लेबल चिकटवलेलं."

आता बाटली हलक्या हेतूने दिली आणि बाटलीच हलकी आहे, हे दोन्ही संशय एकाच वेळी बाळगायची गरज नव्हती. एक पुरला असता. पण संशयाचं पोट कधी एका घासाने भरलंय?

आणि त्या घरात दारू ही काही साधी गोष्ट नव्हती. जगधन्यांचे वडील खडकीच्या कारखान्यात कामगार होते. एकाहत्तर साली, पगाराच्या संध्याकाळी, नदीकाठच्या भट्टीवर त्यांनी जी घेतली तिच्यात स्पिरिट मिसळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायकोला म्हणाले, "आज उजाडलं कसं नाही अजून?" नंतर अकरा वर्षं ते दाराशी खाटेवर बसून राहिले, आणि नऊ वर्षांचा दशरथ त्यांना हाताला धरून नळावर नेत राहिला. डोळे कशाने गेले, हे त्या मुलाला कॉलेजात रसायनशास्त्राच्या पुस्तकात सापडलं. मिथेनॉल. तो शब्द वाचून तो ग्रंथालयात रडला होता. पुढे दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाशी, मद्यापासून दूर राहण्याच्या, त्यांचा आवाज इतरांपेक्षा चढायचा. त्या घरात आजवर खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून आलेलं होतं.

तेव्हा बाटली ठेवायची कुठे, हा पहिला पेच पडला. बैठकीत बुद्धाची मूर्ती, स्वयंपाकघरात शालनताईंचा नकार. सलिलने फोनवर सांगितलं, की ती आडवी ठेवायची, अंधारात, गारव्याला. जगधन्यांनी सगळ्या अटी पाळल्या आणि ती चपलांच्या कपाटात आडवी ठेवली.

पुढच्या रविवारी शर्मिलेने चपला काढायला कपाट उघडलं. बाटली घेऊन ती वडिलांसमोर बसली.

"तुम्हाला वाटतं, ही खोटी आहे. बरोबर?"

"मला शंका आहे."

"मग तपासा. तुमच्या पद्धतीने, सगळं रीतसर. बनावट निघाली, भेसळ निघाली, तर ती माणसं आपल्याला फसवायला आली होती असं मी धरेन आणि सलिलला तसं सांगेन. चोख निघाली तर तुम्ही हो म्हणायचं. चौदा दिवसांत अहवाल. कायद्यात तेवढेच असतात ना?"

जगधने मुलीकडे बघत राहिले. एवढी मोठी गोष्ट तिने त्यांच्या हातात दिली होती, आणि ती का दिली हे त्यांना कळत होतं. तिचा जगात दुसऱ्या कशावर नसेल एवढा विश्वास त्यांच्या अहवालावर होता. "मान्य," ते म्हणाले.

मग त्या घरात जे झालं ते इटलीतल्या त्या द्राक्षवाल्यांनी पाहिलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता. बूच काढायचं हत्यार घरात नव्हतं. जगधन्यांनी बुचात लाकडाचा लांब स्क्रू पिळला आणि पक्कडीने ओढून काढलं. चार स्वच्छ बाटल्या उकळून वाळवल्या होत्या. प्रत्येकीत सारखं माप ओतलं, झाकण लावलं, दोरा गुंडाळला, गाठीवर लाख वितळवून ठसा मारला. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त 'नमुना १'. पंच म्हणून शालनताईंनी आणि शर्मिलेने सह्या केल्या. शर्मिलेने सही केली तेव्हा ती हसत होती. तिला वाटलं, आता चौदा दिवसांत सुटका आहे.

उरलेल्यातलं थोडं जगधन्यांनी चंचुपात्रात ओतलं, खिडकीशी धरलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघ! पलीकडचा पेपर वाचता येतोय. ह्याला रेड वाइन म्हणतात? पाणी घातलंय."

रंग खरंच फिका होता, कडेला विटकरीकडे झुकलेला. तळाशी बारीक गाळही होता. सामान्य माणसाने एवढ्यावर निकाल दिला असता, पण जगधने सामान्य नव्हते, हाच तर सगळा घोटाळा. शत्रूची बाजू पूर्ण वाचल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. त्यांनी मोबाइल काढला, चष्मा पुसला आणि बारोलो वाचायला घेतलं.

इटलीच्या वायव्येला, आल्प्सच्या पायथ्याशी, टेकड्याच टेकड्या. तिथलं नेब्बिओलो नावाचं द्राक्ष सगळ्यांच्या आधी फुटतं आणि सगळ्यांच्या शेवटी पिकतं, तोवर ऑक्टोबर येतो आणि खोऱ्यात धुकं भरतं. काहींच्या मते त्याचं नावच त्या धुक्यावरून पडलंय. त्याच्या सालीतून रंग मुळातच फिका उतरतो, आणि वय वाढलं की विटकरी होतो. जाणकार तो रंग बघूनच खूश होतात. गाळ हाही वयाचाच. शिवाय कायदा असा, की अडतीस महिने पुरे झाल्याशिवाय बाटली विकायला काढायची नाही, त्यातले अठरा लाकडी पिंपात. "अडतीस महिने!" जगधने नकळत म्हणाले. नियम पाळणाऱ्या माणसांबद्दल त्यांना आदर वाटल्यावाचून राहत नसे, आणि इथे तो नेमका नको होता.

पुढे आणखी एक सापडलं, तसे ते सावरून बसले. "शालन, हे ऐक. तिथे प्रत्येक उताराला नाव आहे. दक्षिणेकडे तोंड करून उन्हात बसलेला उतार श्रेष्ठ. खोऱ्याच्या तळाशी किंवा उत्तरेच्या सावलीत द्राक्ष लावलं, तर त्याला बारोलो म्हणायचीच परवानगी नाही. त्याच गावातलं, त्याच जातीचं द्राक्ष. म्हणजे तिथेही आहेच. तू कुठल्या उतारावर जन्मलास ते आधी सांग."

शालनताई मेथी निवडत होत्या. "आणि ते गुण कोण देतं? तेही उतार बघूनच देतात का?"

जगधन्यांनी तेही शोधलं. पुष्कळ ठिकाणी बाटल्यांना कापडी पिशव्या घालतात, चाखणाऱ्याला नाव दिसत नाही, फक्त क्रमांक दिसतो. वाचता वाचता त्यांचा आवाज हळू झाला.

"अगदी तुमच्यासारखंच की," शालनताई म्हणाल्या. "फरक एवढाच, की या खेपेला तुम्ही पिशवी घालायच्या आधीच वाचलंत. मेहेंदळे."

"त्यांनीही वाचलंच असणार. जगधने."

"असेल. पण तपासायला तुम्ही बसलाय."

जगधने परीक्षानळ्या धुवायला उठले.

घरी होण्यासारख्या चाचण्या त्यांनी घरी केल्या. पांढऱ्या लोकरीचा धागा त्या वाइनमध्ये उकळला. कारखान्यातला रंग मिसळलेला असता तर धाग्याला घट्ट बसला असता, तो बसला नाही. बुचाखाली काचेसारखे चमकणारे कण होते, ते गरम पाण्यात विरघळले, द्राक्षातलंच आम्ल. मिथेनॉलची चाचणी घरी होण्यासारखी नव्हती. तेव्हा 'नमुना १' रिक्षातून भोसरीला गेला. तिथे त्यांच्या हाताखाली शिकलेला सर्जेराव स्वतःची प्रयोगशाळा चालवायचा. घरातलं सगळं जगधने नाकाने हुंगून आणि डोळ्यांनी बघून करत होते. जिभेवर एक थेंब घेतला नाही.

सहाव्या दिवशी सर्जेरावचा फोन आला. घरी कोणी नव्हतं.

"साहेब, मिथेनॉल द्राक्षाच्या वाइनमध्ये असतं तेवढंच, नाममात्र. वरून साखर नाही, रंग नाही, पाणी नाही. अल्कोहोल लेबलला जुळतं. एकदम चोख माल आहे. कुठून पैदा केलात?"

"पाहुण्यांकडून," जगधने म्हणाले आणि फोन ठेवला.

चौतीस वर्षांत हजारो नमुने त्यांच्या हाताखालून गेले. पास झाला तर पास, नापास तर नापास. त्यांना ना सुख ना दुःख. पहिल्यांदाच एक नमुना नापास व्हावा असं त्यांना मनापासून वाटलं होतं, आणि तो पहिल्या वर्गात आला होता. संध्याकाळी मोबाइलवर कागद आला. त्यांनी तो खालच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला, विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये घातला आणि फाइल खणात ठेवली.

शर्मिलेने जेवताना विचारलं, "आला का काही?"

"अजून नाही," ते म्हणाले.

एवढं सोपं होतं ते. दोन शब्द. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. मनाशी त्यांनी समजूत घातली, की आपण खोटं बोलत नाही, फक्त थोडा वेळ घेतोय. तेवढ्या वेळात त्या घराबद्दल काहीतरी कळेल, काहीतरी खरं कारण सापडेल. हीच समजूत किती दुकानदारांनी त्यांच्यासमोर हात जोडून घातली असेल, ते त्यांना आठवलं नाही असं नाही. पण पोरीची काळजी एका पारड्यात आणि दोन शब्द दुसऱ्यात. त्यांनी ते चालवून घेतलं.

ती रोज विचारायची आणि ते रोज सांगायचे. दहाव्या दिवशी ती गॅलरीत सलिलशी फोनवर बोलत होती. "थांब रे थोडं. पप्पांचा रिपोर्ट लेट येईल, पण फेक नाही येणार. दॅट आय कॅन गॅरंटी." आत खुर्चीवर बसलेल्या जगधन्यांना ते शब्द ऐकू आले. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते उठले नाहीत.

चौदाव्या दिवशी रविवार होता. शर्मिलेने मेहेंदळ्यांना पुन्हा बोलावलं होतं, कारण मुदत संपत होती आणि तिला निकाल सगळ्यांसमोर हवा होता. अकराच्या सुमारास तिघं आली, सलिलही. जगधन्यांनी बाटली आणि लाख लावलेले तीन नमुने टेबलावर मांडून ठेवले होते. लपवायचं तर एवढंच लपवायचं, बाकी सगळं रीतसर, असा काहीतरी हिशेब असावा.

उघडी बाटली बघून श्यामरावांचा चेहरा एकदम उजळला. "अरे वा! उघडलीत? कशी लागली?"

"प्यायलो नाही," जगधने म्हणाले. "आमच्याकडे कोणी पीत नाही. तपासली."

"तपासली म्हणजे?"

"भेसळ आहे का, ते पाहिलं."

श्यामरावांनी लाखेचे ठसे पाहिले, सह्या पाहिल्या. ते हळूच खुर्चीत बसले. हेमाताई कोरडेपणाने म्हणाल्या, "मी ह्यांना सांगितलं होतं, पेढे न्या."

जगधन्यांना हाच क्षण हवा होता. त्यांनी सरळ विचारलं, "मेहेंदळे, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. आमच्याकडे येताना तुम्हाला बाटलीच का सुचली?"

सलिल म्हणाला, "काका, मीच आणलेली ती, बाबांसाठी—"

"तू थांब," श्यामराव म्हणाले. आज पहिल्यांदाच ते जगधन्यांच्या खांद्याकडे न बघता डोळ्यांकडे बघत होते. "ही बाटली चार वर्षं माझ्या पुस्तकांमागे आडवी होती. आमच्याकडेही कोणी घेत नाही. मी घेतो, वर्षातून दोनदा, मित्राकडे, चोरून. हिला मी कधी हात लावला नाही. माझ्यापाशी याहून मोलाची वस्तू नव्हती, म्हणून दिली. हे खरं आहे. पण हे अर्धंच खरं आहे. माझ्या पुतण्याच्या सासरी पहिल्यांदा गेलो तेव्हा चांदीची वाटी नेली होती. तिथे बाटली न्यायचा विचार स्वप्नातही आला नसता. तुमच्याकडे येताना आला. तुमच्याकडे चालत असेल, असं मी धरून चाललो. का धरलं, ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. नसतं विचारलं तर मी स्वतःलाही सांगितलं नसतं."

सलिल बापाकडे बघत राहिला होता. शर्मिलेचा चेहरा पांढरा पडला होता.

जगधन्यांचा संशय खरा निघाला होता, अक्षरशः, शब्दाला शब्द. आयुष्यभर लोकांनी 'छे छे, आमच्या मनात तसं काही नाही' म्हणून टाळलेली गोष्ट एका माणसाने त्यांच्या बैठकीत बसून कबूल केली होती. त्यांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी ते स्वतःच्या वडिलांबद्दल बोलू लागले. खडकी, ती भट्टी, 'उजाडलं कसं नाही अजून', ती अकरा वर्षं. एवढं त्यांनी बाहेरच्या माणसाला कधी सांगितलं नव्हतं. श्यामरावांनी ऐकता ऐकता हात जोडले आणि ते जोडलेलेच राहिले. हेमाताईंनी चष्मा काढला.

मग शर्मिला म्हणाली, "पप्पा, अहवाल."

तिने ऐकलं होतं ते सगळं. तिला ठाऊक होतं, की आता तिच्या बापाकडे कारण आहे, आणि ते 'मला वाटतं' नाही. जगधन्यांनी आत्ता नाही म्हटलं असतं, तर त्या खोलीत एकानेही त्यांना चूक म्हटलं नसतं. ती तरीही अहवाल मागत होती, कारण ठरलं ते ठरलं होतं.

जगधने उठले. खणातून फाइल काढली, बिलांमधून कागद ओढला आणि तिच्या हातात दिला. "नमुना चोख आहे. पाणी नाही, रंग नाही, विष नाही. माझं हो आहे." ते थांबले. इथेच बसता आलं असतं. पण समोर एक माणूस हात जोडून बसला होता, अर्ध्यावर न थांबलेला. "आणि हा आज आलेला नाही. सहाव्या दिवशीच आलाय. मी दाबून ठेवला होता."

शर्मिलेने कागदावरची तारीख पाहिली.

"मी रोज विचारत होते," ती म्हणाली.

"हो."

"आठ दिवस, पप्पा?"

"हो."

शालनताईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. श्यामराव घाईघाईने म्हणाले, "जाऊ द्या हो, बापाचं काळीज आहे, आता सगळं गोड झालं ना." सलिलने त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना गप्प केलं.

शर्मिला आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कोरा कागद आणि पेन होतं. ते तिने वडिलांसमोर ठेवलं. "हो म्हणालात ना? लिहून द्या. आजची तारीख घाला."

"अगं, मी सांगतोय ना सगळ्यांसमोर."

"लिहून द्या, पप्पा."

हेमाताई हसल्या, त्यांना ती बापलेकीची थट्टा वाटली. जगधन्यांनाही क्षणभर तसंच वाटलं, म्हणून त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, तारीख घातली आणि अहवाल लिहावा तशा सुट्या, सरळ अक्षरात लिहिलं, की सलिल श्याम मेहेंदळे यांच्याशी माझी मुलगी शर्मिला हिच्या विवाहास माझी संमती आहे. खाली सही केली. शर्मिलेने कागद उचलला, दोनदा वाचला, उलटून मागची बाजू पाहिली, आणि मग घडी घालून पर्समध्ये ठेवला.